मदेराहून तेर्सेइरापर्यंत

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या सुटींत आम्हांस अटलांटिक महासागरांत शिडाच्या नौकेनें सहा दिवस प्रवास करण्याचा योग आला. वीस वर्षें शाळेंत भूगोल शिकवितांना वारे, प्रवाह, अक्षांश व रेखांश यांविषयीं आम्हीं पुष्कळ बोलून घेतलें आहे. परंतु किनारा दिसेनासा होईल इतक्या दूर आम्ही त्यापूर्वीं कधींच गेलों नव्हतों. मुलांच्या आग्रहावरून त्या प्रवासाची हकीकत येथें देत आहों. मात्र ती सांगावयाची तर प्रवासास कां निघालों हेंहि सांगितलें पाहिजे, आणि तें सांगूं लागलें म्हणजे आमची एक चूक उघडी पडते. शिक्षकांकडूनहि चुका होतात हें विद्यार्थ्यांना कळल्यानें कांहीं बिघडत नाहीं, असें समजून तीहि लिहितों.

आमचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजांवर एंजिनियर होता. आठ वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांस पक्षाघाताचा झटका आला. चौदा दिवस ते अंथरुणास खिळून होते. वाचा गेलेली, पण दृष्टि दाराकडे लागलेली. ती कोणाची वाट पाहत आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. भावाला पहिल्याच दिवशीं निरोप पोंचला होता. त्यानें जहाजावरून दोनदां फोन केला व "बाबांच्या कानाशीं धर" असें म्हणाला. आम्हीं "फोन कसले करतोस, निघून ये" एवढेंच बोलून तो बंद केला. बाबांना मूठमाती दिल्यानंतर सहाव्या दिवशीं तो दारांत येऊन उभा राहिला. अंगणांत मंडळींतलीं चार माणसें बसलीं होतीं. त्यांच्यादेखत आम्हीं त्यास म्हटलें, "ज्याला यावयाचें असतें तो येतो." त्यानें उत्तर केलें नाहीं. दोन दिवस राहून, आईचा निरोप घेऊन तो गेला. पुढें सात वर्षें नाताळांत एक पत्र, एवढाच काय तो संबंध उरला.

गेल्या वर्षीं फेब्रुवारींत मात्र त्याचें वेगळें पत्र आलें. जहाजांवरील नोकरी सोडून त्यानें एका पोर्तुगीज मित्राच्या भागींत छत्तीस फूट लांबीची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली होती. मदेरा बेटावरील फुंशाल बंदरांतून ती अझोर्स बेटांपैकीं तेर्सेइरा या बेटावर आंग्रा शहरीं नेऊन ठेवावयाची होती. मदेरा व अझोर्स हीं दोन्ही द्वीपमंडळें पोर्तुगाल देशाचीं आहेत. "मित्र आजारी पडला आहे. नौकेवर दुसरा माणूस पाहिजे. दादा, तूं येशील का?" इतकाच पत्राचा मजकूर होता. तें पत्र खिशांत घालून आम्ही दहा दिवस हिंडलों. शेवटीं आई म्हणाली, "जा. त्यानें होऊन बोलाविलें, हें काय थोडें झालें?"

आंग्रा हें नांव ऐकून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस कान्होजी आंग्रे यांची आठवण झाली. त्यांचा या शहराशीं संबंध नाहीं. पोर्तुगीज भाषेंत आंग्रा म्हणजे लहान उपसागर, आणि तेर्सेइरा म्हणजे तिसरें. त्या द्वीपमंडळांत हें बेट तिसरें सांपडलें म्हणून त्यास हें नांव पडलें.

फुंशाल येथें पोंचल्यावर भावानें आम्हांस तीन दिवस किनाऱ्यालगत नौका चालवून दाखविली, दोऱ्यांच्या गांठी शिकविल्या, सुकाणूं हातीं दिलें. आम्हीं आपला गणिताचा कागद काढला. फुंशाल सुमारें ३२ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे व आंग्रा सुमारें ३८ अंश ४० कलांवर; म्हणजे सहा अंशांचें अंतर. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर. तेव्हां उत्तरेस ३६० मैल, पश्चिमेस सुमारें ५०० मैल, आणि दोहोंचा कर्ण काढला तर ६२० मैलांच्या जवळपास. ताशीं पांच मैल या वेगानें १२४ तास; पांच दिवस व चार तास. भावानें कागद पाहिला व म्हणाला, "हिशेब बरोबर आहे, दादा. पण वारा शाळेंत गेलेला नाहीं." सात वर्षांनंतर तो प्रथमच आमच्याशीं हंसून बोलला.

सोमवारीं सकाळीं निघालों. त्या भागांत या दिवसांत बहुधा ईशान्येचे वारे वाहतात. आमची दिशा वायव्येची, म्हणून वारा उजव्या कुशीस लागत होता व नौका डावीकडे कलून चालली होती. वाऱ्याची ही बाजू शिडास फार सोयीची, परंतु लाटाहि त्याच बाजूनें येत असल्यामुळें नौका पाळण्यासारखी झुलते. दुपारपर्यंत मदेराचे डोंगर ढगांत गेले आणि आमच्या पोटांतलें सर्व कांहीं समुद्रांत गेलें. दोन दिवस आम्हांस सुकाणूं धरवलें नाहीं. भावानें आल्याचा तुकडा व कोरडीं बिस्किटें आणून द्यावीं, आमची पाळी स्वतः करावी, आणि त्याविषयीं एक शब्दहि बोलूं नये. आमच्या मनास तें औषधापेक्षांहि अधिक कडू लागलें.

तिसऱ्या दिवशीं डोकें हलकें झालें व आम्ही पाळीवर रुजू झालों. दोघांच्याच नौकेवर एकानें निजावयाचें व एकानें जागावयाचें असा नियम असतो. रात्रीं तीन तीन तासांच्या पाळ्या. जागणाऱ्यानें अंगांत तरंगणारें जाकीट घालावयाचें, त्यास जोडलेली दोरी नौकेस अडकवावयाची, आणि दुसऱ्यास उठविल्याशिवाय बसण्याची जागा सोडून पुढें जावयाचें नाहीं. कारण अंधारांत पाण्यांत पडलेला मनुष्य निजलेल्यास ऐकूं येत नाहीं. दर पंधरा मिनिटांनीं उठून चारी बाजूंचें क्षितिज पाहावयाचें. क्षितिजावर दिसूं लागलेलें मोठें जहाज वीस मिनिटांत अंगावर येऊं शकतें. जवळच्या जहाजांचीं नांवें व दिशा पडद्यावर दाखविणारें यंत्र आमच्या नौकेवर होतें, तरीहि भाऊ म्हणे, "यंत्र पाहतें, पण जागें राहत नाहीं."

त्या दिवशींच वारा पडला. अझोर्सच्या परिसरांत हवेच्या जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो; त्याच्या पोटांत शिरलें म्हणजे वारा मरतो. पाणी तेलासारखें झालें, शिडें लोंबकळूं लागलीं; फक्त दूरच्या कोठल्या तरी वादळाची जुनी लाट येऊन नौकेस हलवून जाई. सायंकाळीं भाऊ चहासाठीं पाणी उकळीत असतां अशीच एक लाट आली व भांडें त्याच्या उजव्या हातावर कलंडलें. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली व पाहतां पाहतां फोड आले. शाळेंत प्रथमोपचार शिकवितों तेवढें आम्हांस ठाऊक होतें. वीस मिनिटें थंड पाण्याची धार धरली, स्वच्छ फडकें सैल गुंडाळलें, वेदना कमी करणारी गोळी दिली. मग आम्हीं विचारलें, "आतां जवळचा डॉक्टर कोठें?"

त्यानें नकाशाकडे डाव्या हाताचें बोट केलें. फुंशाल मागें अडीचशें मैल राहिलें होतें. पुढें सर्वांत जवळचें बेट सांता मारिया, तेंहि सव्वादोनशें मैलांवर. "वारा आला तर दोन दिवस," तो म्हणाला.

"एंजिन लाव ना!"

"डिझेल तीस तासांचें आहे. दीडशें मैल जाईल, मग थांबेल. आणि बंदरांत शिरतांना काय करूं?"

"पण लवकर पोंचण्याची कांहींच युक्ति नाहीं काय?"

"जीवावरचें असतें तर रेडिओवरून मदत मागितली असती. हें तसें नाहीं. नौका जेवढी जाते तेवढीच जाते, दादा."

हीं शेवटचीं वाक्यें तो सहज बोलला. परंतु तीं ऐकून आम्ही जागच्या जागीं बसलों. आमच्याखालीं चार किलोमीटरांहून खोल पाणी होतें, भोंवतीं एक दिवाहि नव्हता, आणि समोर आपल्या भावाचा हात भाजलेला असतां आपणांस एक पाऊलहि लवकर टाकतां येत नव्हतें. पैसा होता, इच्छा होती, अंगांत बळ होतें. पण त्यांपैकीं कशाचाहि वारा होत नव्हता. जमिनीवर राहणारा मनुष्य अंतर मैलांत मोजतो व मनांत म्हणतो कीं, घाई केली तर तें कमी होईल. समुद्रावर अंतर दिवसांत मोजतात, आणि ते दिवस कोणाच्या घाईनें कमी होत नाहींत. वर्गांत आम्हीं महासागराचें क्षेत्रफळ कितीदां तरी फळ्यावर लिहिलें असेल. त्याचा अर्थ त्या सायंकाळीं कळला.

त्या रात्रीं आम्हीं त्यास उठविलें नाहीं. तिन्ही पाळ्या स्वतःच केल्या. आकाश निरभ्र होतें. आमच्या कोंकणांतील गांवीं ध्रुवतारा क्षितिजापासून अवघ्या सतरा अंशांवर, माडांच्या शेंड्यांत लपलेला असतो. येथें तो दुपटीहून वर चढलेला होता. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, हा धडा आम्हीं किती मुलांकडून पाठ करून घेतला! पाण्यांत हात घातला कीं बोटांभोंवतीं निळसर ठिणग्या फुटत. हें सर्व सौंदर्य समोर असतां मनांत मात्र एकच वाक्य फिरत होतें: ज्याला यावयाचें असतें तो येतो.

पहांटे भाऊ वर आला. आम्हीं विचारलें, "बाबा आजारी पडले तेव्हां तुझें जहाज कोठें होतें?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पॅसिफिकमध्यें. पनामा सोडून चार दिवस झाले होते. पुढचें बंदर ऑस्ट्रेलियांत, सतरा दिवसांवर. कप्तानाला विचारलें, एखाद्या बेटाशीं थांबवितां येईल का? त्यानें मालकांस विचारलें, नकार आला. मी रोज एंजिनाच्या खोलींत उतरत होतों. एंजिन मीच चालवीत होतों, दादा, पण एक मैलहि जास्त चालवितां आलें नाहीं. किनाऱ्यावर उतरलों तेव्हां बाबा गेल्याला तीन दिवस झाले होते. तेथून घरीं यावयास आणखी तीन दिवस."

"मग हें तेव्हांच कां सांगितलें नाहींस?"

"तूं विचारलें नव्हतेंस."

आमच्यापाशीं यावर उत्तर नव्हतें. सात वर्षें ज्या मौनास आम्ही अपराधाची कबुली समजत होतों, तें केवळ न विचारलेल्या प्रश्नाचें मौन होतें.

चौथ्या दिवशीं कांहीं तास एंजिन चालविलें. सायंकाळीं नैर्ऋत्येकडून काळसर ढग वर आले व त्यांच्याबरोबर वारा आला. आतां तो डाव्या कुशीस लागूं लागला व नौका उजवीकडे कलली. पावसाच्या सरींत शिडाचा पसारा कमी करण्याचें काम आम्हींच केलें. एका हाताचा शिक्षक सांगे व दोन हातांचा विद्यार्थी करी. त्याच्या हाताचे फोड फुटले नाहींत, तापहि आला नाहीं, ही देवाची कृपा. पुढील दोन दिवस नौका ताशीं पांचसहा मैलांनीं धांवत होती. एकदां डॉल्फिनांचा कळप अर्धा तास नाळेपुढें खेळत राहिला. शेवटच्या रात्रीं अंधारांतून विचित्र सानुनासिक ओरडणें ऐकूं येऊं लागलें. आम्ही दचकलों, भाऊ म्हणाला, "भिऊं नको. समुद्रपक्षी आहेत. हे बेटांच्या कड्यांवर घरटीं करतात. जमीन जवळ आली." थोड्या वेळानें वाऱ्यावर ओल्या मातीचा व गुरांचा वास आला. सहा दिवसांनंतर तो वास आल्यावर आम्हांस आपला गांवच आठवला.

अंधारांत अनोळखी बंदरांत शिरूं नये म्हणून पहांटेपर्यंत बाहेरच थांबलों. उजाडलें तेव्हां मोंति ब्राझिल नांवाचा, समुद्रांत घुसलेला जुना ज्वालामुखी समोर उभा होता. त्याच्या कुशींत आंग्राचा उपसागर, आणि पाण्याच्या कडेलाच निळ्या भिंतींचें एक चर्च. १९८० सालच्या १ जानेवारीस मोठ्या भूकंपानें या शहराची फार हानि केली. लोकांनीं तें जुन्या धर्तीवर पुन्हां उभें केलें, व १९८३ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

लहान नौकांसाठीं बांधलेल्या बंदरास तिकडे मरीना म्हणतात. बाहेर दगडी बांध असतो, म्हणून लाटा आंत येत नाहींत. आंत तरंगते धक्के असतात. ते भरतीओहोटीबरोबर स्वतःच वरखालीं होतात, त्यामुळें नौकेच्या दोऱ्या वारंवार सैल वा घट्ट कराव्या लागत नाहींत. शिरतांना डाव्या हातास तांबडा दिवा व उजव्या हातास हिरवा. भावानें डाव्या हातानें सुकाणूं धरलें, नौका अगदीं हळू आणली व म्हणाला, "दादा, उतर." आम्ही दोरी घेऊन धक्क्यावर उतरलों व खुंटीवर आठाच्या आंकड्यासारखे वेढे घातले. नौका थांबली. सहा दिवसांत प्रथमच पायांखालीं कांहीं हलत नव्हतें, आणि तरीहि आम्ही झोंके खात होतों. दवाखान्यांत जाऊन हात दाखविला, कचेरींत कागदपत्रें दाखविलीं, आणि मग दुपारीं शहर पाहावयास निघालों.

आंग्रा येथें सां फ्रांसिस्कु नांवाचा जुना मठ आहे. आज तेथें संग्रहालय आहे. वास्को द गामाचा थोरला भाऊ पाउलु येथें पुरला गेला. वास्को १४९८ सालीं कालिकतला आला हें आपण सर्व पाठ करतों. परतीची हकीकत मात्र थोड्यांसच ठाऊक असते. येतांना अनुकूल वाऱ्यानें आफ्रिकेहून हिंदुस्थानास सुमारें तेवीस दिवसांत पोंचलेलीं हीं जहाजें, गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटापासून ऑक्टोबरांत परत निघालीं, तेव्हां तोच समुद्र ओलांडावयास त्यांस जवळजवळ तीन महिने लागले. ताजें अन्न न मिळाल्यामुळें कित्येक खलाशी स्कर्व्ही रोगानें मेले. पाउलुचें जहाज चालवावयास माणसेंच उरलीं नाहींत, म्हणून तें जाळावें लागलें. पाउलु स्वतः आजारी पडला. केप व्हर्दच्या बेटांत पोंचल्यावर वास्कोनें आपलें जहाज दुसऱ्याच्या हवालीं केलें, एक हलकी नौका भाड्यानें घेतली व भावास लवकर घरीं नेण्यासाठीं निघाला. परंतु पाउलुनें तेर्सेइरावरच प्राण सोडला. हिंदुस्थानचा मार्ग सांपडल्याची वार्ता घेऊन दुसरा कप्तान १४९९ च्या जुलईंत लिस्बनला पोंचून चुकला होता. वास्को कित्येक आठवड्यांनीं मागाहून आला. याच वास्कोनें पुढें १५०२ सालीं यात्रेकरूंनीं भरलेलें एक जहाज जाळलें. तें पाप कोणी पुसूं शकणार नाहीं. तरीहि भावासाठीं त्यानें आपला मान सोडला, हेंहि खरें. आणि मान सोडूनहि तो वेळेवर घरीं पोंचूं शकला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

तेथें उभे असतां आम्हीं भावास म्हटलें, "त्या दिवशीं अंगणांत मी बोललों तें चुकलें. चारचौघांत बोललों, म्हणून आईपुढें व त्या चौघांपुढेंहि सांगेन."

तो म्हणाला, "बाबांच्या कानाशीं फोन धरला असतास तर बरें झालें असतें." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाला, "चल, आईला फोन करूं. ती वाट पाहत असेल."

त्या नाताळांत तो घरीं आला. आम्ही दोघे मिळून बाबांच्या कबरेवर गेलों. अंगणांतल्या त्या चौघांपैकीं दोघे आज हयात नाहींत; जे आहेत त्यांस आम्हीं आपला शब्द परत घेतल्याचें सांगितलें. मात्र बाबांच्या कानाशीं न धरलेला तो फोन आतां कोणालाच धरतां येणार नाहीं. तेवढें आमच्याकडून राहूनच गेलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कित्येकांचे वडील किंवा भाऊ आखातांत, जहाजांवर वा परप्रांतीं नोकरीस आहेत. एखाद्या बक्षीससमारंभास, एखाद्या आजारांत, ते येत नाहींत व तुम्हांस राग येतो. राग येणें साहजिक आहे. परंतु "कां आला नाहींत?" हा प्रश्न दोन प्रकारांनीं विचारतां येतो. एकांत उत्तर अगोदरच ठरविलेलें असतें. दुसऱ्यांत खरोखर उत्तर हवें असतें. आम्हीं पहिल्या प्रकारानें विचारलें, व दुसऱ्या प्रकारानें विचारावयास आम्हांस सात वर्षें आणि अडीचशें सागरी मैल लागले. तुम्हांस एवढें लांब जाण्याचें कारण नाहीं. आज सायंकाळींच विचारा.